फॉन्ट उडाला? आधी नोटपॅड उघडा

लग्नसराई लागली की दुकानात पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आण्णा, फॉन्ट उडालाय बघा, अक्षरं सगळी फुटूलाल्यात." मागोमाग दुसरं वाक्य येतं, "एखादा चांगला मराठी फॉन्ट टाकून द्या की."

बेळगावात शहापूरकडच्या गल्लीत डीटीपीचं काम करून माझी अठरा वर्षं झाली. पत्रिका, पावती पुस्तकं, गणपती मंडळांचे अहवाल, दुकानांचे बोर्ड, फ्लेक्स. निम्मं मॅटर मराठीत, निम्मं कन्नडमध्ये, मधेमधे इंग्रजी. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या डीटीपीवाल्याला जो त्रास एकदा होतो तो आम्हाला दोनदा होतो, कारण एकाच फाइलमध्ये दोन लिप्या नांदत असतात आणि दोन्हींचे जुने-नवे फॉन्ट एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. दुकानातल्या पोरांनाही हेच वाचायला देणार आहे.

"फॉन्ट उडाला" म्हणजे "पोटात दुखतंय" म्हटल्यासारखं आहे. त्यावर लगेच गोळी द्यायची नसते. पण बहुतेक जण गोळीच देतात: कुणाकडून तरी आणलेलं सातशे-आठशे फॉन्टांचं फोल्डर उघडायचं, सगळं सिलेक्ट करायचं आणि इन्स्टॉल. त्यानंतर कोरल हा डिझाइनचा प्रोग्रॅम उघडायला पाच मिनिटं लागतात आणि मूळ दुखणं तिथंच.

निपाणीकडच्या एका लग्नाची गोष्ट सांगतो. मुलाकडचे मराठी, मुलीकडचे गोकाकचे, कन्नड बोलणारे. पत्रिका दोन भाषांत, डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. फाइल दुसऱ्या एका दुकानात वर्डमध्ये केलेली. नवऱ्यामुलाच्या चुलतभावाने ती घरच्या कॉम्प्युटरवर उघडली तर दोन्हीकडे एबीसीडी, डॉलर आणि टक्के. पोरगा हुशार. कुठून तरी मराठी फॉन्ट मिळवला, कंट्रोल-ए दाबलं, फॉन्ट लावला. मराठी बाजू झाली सरळ! आनंदाच्या भरात सेव्ह करून टाकलं. कन्नड बाजूला मात्र देवनागरी अक्षरं उमटली होती, आणि ती कुणालाच वाचता येत नव्हती. मुलीच्या मामांचं नाव "ठ्ठष्क्षढ" असं काहीतरी झालं होतं. मुलाचे वडील समोरच्या स्टुलावर बसून एकच विचारत होते, "सगळं परत टाइप करायला लागणार काय?"

लागणार नव्हतं. कन्नड बाजू सिलेक्ट केली, नुडी या कन्नड सॉफ्टवेअरचा जो फॉन्ट मूळ फाइलला होता तोच परत लावला, मामा परत आले. दोन मिनिटांचं काम.

ते का जमलं हे कळलं की निम्म्या तक्रारी आपल्या आपण सोडवता येतात. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवरच मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. म्हणजे तुम्ही टाइप करता इंग्रजी "के", फाइलमध्ये जातो इंग्रजी "के", फक्त फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत रुळलेल्या नुडीच्या जुन्या फॉन्टांनी कन्नडसाठी हेच केलं. दोन्ही भाषा आकड्यांच्या त्याच दोनेकशे खुर्च्यांवर बसलेल्या. मुखवटा काढला की खाली इंग्रजी, दुसऱ्याचा चढवला की मामांचं नाव ठ्ठष्क्षढ. मजकूर कुठेही गेलेला नसतो.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांना वेगवेगळे आकडे वाटून देणारी नवी पद्धत. तिच्यात असं होत नाही. तिथे देवनागरीला स्वतःच्या 128 जागांचा गट आहे, कन्नडला वेगळ्या 128 जागांचा. कन्नड मजकुराला मराठी फॉन्ट लावलात तरी त्याची देवनागरी होत नाही. फार तर तो फॉन्ट लागणारच नाही, नाहीतर चौकोन दिसतील.

म्हणून पहिली पायरी, काहीही इन्स्टॉल करण्याआधी: अडलेल्या मजकुरातल्या दोन ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नोटपॅड मुखवटे काढून घेतं. तिथे मराठी वाचता आलं तर मजकूर युनिकोड आहे. एबीसीडीची खिचडी दिसली तर जुन्या फॉन्टातला आहे. अर्धं निदान इथंच होतं, आणि ज्याला हे माहीत नाही तो दिवसभर फॉन्ट टाकत आणि काढत बसतो.

खिचडी दिसली, तर उपाय एकच आहे: नेमका तोच फॉन्ट. "तसाच दिसणारा" चालत नाही, कारण प्रत्येक कंपनीने खुर्च्या वेगळ्या वाटल्यात. कुठला फॉन्ट होता हे वर्डला माहीत असतं. मजकुरावर कर्सर ठेवा आणि वरच्या फॉन्टच्या खान्यातलं नाव वाचा. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव दिसतं. संपूर्ण यादी हवी असेल तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये खाली "फॉन्ट सब्स्टिट्यूशन" आहे. कुठला फॉन्ट गायब आहे आणि त्याच्या जागी कुठला वापरलाय ते तिथे लिहून येतं. पीडीएफ असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून फॉन्ट्सचा टॅब बघा.

नेमका फॉन्ट टाकूनही काही जोडाक्षरं चुकत असतील तर त्याच नावाच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या फिरतायत असं समजा. विंडोज फॉन्ट ओळखतं ते आतल्या नावावरून, फाइलच्या नावावरून नाही. त्यामुळे नवी टाकताना "हा फॉन्ट आधीच आहे, बदलू का" असं विचारलं जातं आणि आपण न वाचता होय म्हणतो. फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक केलं की वरच्या बाजूला आवृत्तीचा क्रमांक दिसतो. जिथून फाइल आली त्या दुकानाला तो क्रमांक विचारा, पाच मिनिटं जातील पण दुपार वाचेल.

आता मुखवट्याच्या नियमाला अपवाद. इथे मजकूर खरोखर बिघडतो. वर्डचं ऑटोकरेक्ट! त्याला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय. वाक्याचं पहिलं अक्षर तो आपणहून कॅपिटल करतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. जुन्या मराठी फॉन्टात मात्र लहान अक्षराच्या खुर्चीवर एक अक्षर आणि कॅपिटलच्या खुर्चीवर भलतंच, त्यामुळे ओळीच्या सुरुवातीचं अक्षर बदलून जातं आणि प्रूफ वाचणाऱ्याला वाटतं की टाइप करणाऱ्याने चूक केली. माझ्याकडच्या एका पोराने यावरून उगाच बोलणी खाल्लीत, माझीच. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स: जुन्या फॉन्टात काम करणाऱ्या मशीनवर तिथल्या सगळ्या खुणा काढून टाका. "टाइप करताना फॉरमॅट" हा टॅबसुद्धा विसरू नका, अवतरणचिन्हं तिथे आहेत.

हल्ली उलटी तक्रार जास्त येते. गिऱ्हाईक मोबाइलवर मराठीत टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर मॅटर पाठवतं. ते युनिकोड असतं. आपण ते जुन्या पत्रिकेच्या फाइलमध्ये पेस्ट करतो, दुकानातला लाडका वळणदार फॉन्ट लावतो, आणि काहीच बदलत नाही. किंवा चौकोन येतात: □□□□. फॉन्ट बिघडलाय असं म्हणून लोक तो तीनदा इन्स्टॉल करतात. फॉन्ट धडधाकट असतो. त्याच्याकडे युनिकोडच्या जागांवर एकही चित्र नाही, म्हणून प्रोग्रॅम गुपचूप मंगल किंवा निर्मला हे विंडोजचे युनिकोड फॉन्ट वापरतो, नाहीतर हात वर करून चौकोन दाखवतो. इथे दोनच रस्ते आहेत. एक, मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात उतरवायचा. दोन, युनिकोडचा चांगला फॉन्ट वापरायचा. माझं मत विचाराल तर दुसरा. जुन्या फॉन्टांचं वळण सुंदर आहे हे मान्य, पण दर हंगामात तेच मॅटर दोनदा तपासायचं म्हणजे काय खाऊ नाही.

कन्व्हर्ट करावंच लागलं, तर कन्व्हर्टर त्या विशिष्ट फॉन्टाचा आहे ना ते बघा, आणि नंतर डोळ्यांनी वाचा. ह्रस्व वेलांटी आणि रफार, ही दोन ठिकाणं आधी तपासायची. जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर चुकला की वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते किंवा ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळते, अशी: ◌ि. मी एक ओळ ठेवलीय परीक्षेसाठी: "निपाणी, चिक्कोडी, कर्नाटक, दुसऱ्या, श्री, ज्ञानेश्वर." निपाणीत वेलांटी, चिक्कोडीत वेलांटी आणि जोडाक्षर, कर्नाटकात रफार. दुसऱ्यातला आडवा र हा खास मराठी मामला आहे, आणि पुष्कळ फॉन्ट तिथंच नापास होतात. नवीन फॉन्ट घेतला की आधी ही ओळ लिहून बघायची. "दुसर्या" असं डोक्यावर रफार घेऊन आलं तर तो फॉन्ट पत्रिकेला नको. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. मतदारयादीसारखी लांब नावांची यादी असेल तर हे ध्यानात ठेवा.

आता चौकोन. युनिकोड मजकूर, आणि तरीही चौकोन, म्हणजे त्या लिपीचा फॉन्ट मशीनवर नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये निर्मला यूआय असतो, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. पण जुन्या फाइली मंगल किंवा कन्नडचा तुंगा मागतात, आणि हे दोघे विंडोज 10 पासून सगळ्या मशीनवर आपोआप येत नाहीत. त्यांच्यासाठी सेटिंग्जच्या शोधखान्यात "ऑप्शनल फीचर्स" लिहा आणि तिथून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स आणि कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स हे दोन्ही घ्या. देवनागरीच्या संचात मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता आणि उत्साहही येतात. फुकट आहे, अधिकृत आहे, पेनड्राइव्ह शोधत फिरायला नको.

फॉन्ट टाकला पण यादीत दिसत नाही, ही तक्रार 2018 च्या अखेरीपासून वाढलीय आणि त्याला कारण आहे. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून डबल क्लिक करून नुसतं इन्स्टॉल दाबलं तर फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता, तुमच्या खात्याच्या अ‍ॅपडेटाच्या पोटातल्या एका फोल्डरात जातो. सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये जात नाही. दुकानात सकाळच्या आणि संध्याकाळच्या पोराची वेगळी खाती असतील तर सकाळी टाकलेला फॉन्ट संध्याकाळी "गायब". शिवाय काही जुने प्रोग्रॅम फक्त मुख्य फोल्डरच बघतात. उपाय सोपा: फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स". विंडोज 11 मध्ये ते "शो मोअर ऑप्शन्स"च्या आत दडलंय. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल. आधीचा खात्यापुरता टाकलेला काढून मग हा टाका, नाहीतर एकाच नावाचे दोघे घरात. प्रोग्रॅम बंद करून उघडायला विसरू नका, ही गोष्ट सांगायला लाज वाटते पण सांगावी लागते.

झिपमधूनच डबल क्लिक करू नका, आधी फाइल बाहेर काढा. गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये बऱ्याचदा एक व्हेरिएबल फाइल (बारीक-जाड सगळी वळणं एकाच फाइलीत) वर असते आणि "स्टॅटिक" नावाचं फोल्डर वेगळं. जुन्या कोरलमध्ये व्हेरिएबल फाइल टाकलीत तर बोल्ड, सेमीबोल्ड यांचा पत्ता नसतो. स्टॅटिकमधल्या टाका.

"ही फाइल वैध फॉन्ट नाही" असा संदेश आला, फाइल चांगली आहे याची खात्री आहे, आणि तरी येतोय? विंडोजचा फायरवॉल बघा. ऐकून हसू येईल, मलाही आलं होतं. पण फायरवॉलची सर्व्हिसच बंद करून ठेवलेल्या मशीनवर फॉन्ट इन्स्टॉल व्हायला नकार देतो. ती सर्व्हिस चालू करा, फॉन्ट टाका.

सगळं बरोबर आहे आणि तरी अक्षरं भलतीच दिसतायत, एका प्रोग्रॅममध्ये नीट आणि दुसऱ्यात नाही, किंवा काढून टाकलेला फॉन्ट अजून यादीत आहे, तर फॉन्टचा कॅशे, म्हणजे विंडोजने फॉन्टांची जपून ठेवलेली जुनी नोंद, बिघडलेला असतो. सर्व्हिसेसमध्ये जाऊन "विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस" थांबवा, विंडोजच्या सर्व्हिस प्रोफाइल्समधल्या लोकल सर्व्हिसच्या अ‍ॅपडेटा, लोकल, फॉन्टकॅशे या फोल्डरातल्या फाइली पुसा, मशीन परत सुरू करा. विंडोज नवा कॅशे आपोआप तयार करतं. पण हा उपाय शेवटचा. आमच्याकडे येणारे लोक इथूनच सुरुवात करतात, कारण कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं असतं. लिनक्सवाल्यांनी घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या लोकल, शेअर, फॉन्ट्स या जागी फाइल टाकून एफसी-कॅशे चालवलं की काम झालं. मॅकवर फॉन्ट बुक.

मजकूर युनिकोड, फॉन्ट जागेवर, आणि तरीही फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं सुटी आणि वेलांटी पलीकडे, तर दोष फॉन्टचा नाही. अक्षरं जुळवणारं इंजिन भारतीय लिप्यांचं निवडलेलं नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियन असा पर्याय असतो तो निवडा, प्रोग्रॅम परत उघडा. आधी टाकलेल्या मजकुराला तो आपोआप लागत नाही, नवीन लेयर घ्या. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा.

दोन लिप्यांच्या फाइलीबद्दल अजून थोडं, कारण हे बाहेरचं कुणी लिहीत नाही. लिबरऑफिसमध्ये फॉन्टचे खाने वेगळे असतात: इंग्रजीसारख्या लिप्यांना एक, आणि कॉम्प्लेक्स म्हणजे देवनागरी, कन्नड, उर्दू वगैरे सगळ्यांना मिळून एक. मराठीला मंगल लावला की त्याच स्टाइलमधल्या कन्नडलाही मंगलच, आणि मंगलमध्ये कन्नड नाही. मग प्रोग्रॅम कन्नडसाठी मिळेल तो फॉन्ट उचलतो आणि ओळींची उंची वरखाली होते. मराठीची एक आणि कन्नडची एक अशा दोन कॅरेक्टर स्टाइल करून ठेवा, भांडण मिटतं. आकार वाढवला तरी मराठी वाढत नसेल तर तुम्ही इंग्रजीच्या खान्यातला आकार वाढवताय, बाकी काही नाही.

बोर्डांचं काम तर आता बहुतेक दुभाषीच. कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्यानं बोर्डावर 60 टक्के कन्नड आलं, त्यामुळे खाली उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी बसवायची कसरत असते. दोन लिप्यांचे फॉन्ट वेगळ्या घराण्यातले घेतले की बोर्ड दोन दुकानांचा वाटतो. बलू 2 देवनागरीत आहे आणि त्याचा कन्नड भाऊ बलू तम्मा 2. साधा, बारीक अक्षरांत वाचता येणारा हवा असेल तर नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड. नोटोचं नावच "नो टोफू"वरून पडलंय, त्या चौकोनांना तिकडे टोफू म्हणतात. नोटोमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हिंदी ठेवलीत तर हिंदी वळणाचे. बोर्ड लागल्यावर कुणी जुने मास्तर रस्त्यात उभे राहून "हा ल कुठला रे" म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे.

दोन कीबोर्ड शिकायचा कंटाळा असेल तर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्डची मांडणी शिका. तिथे मराठीचा क ज्या बटनावर, कन्नडचा कही त्याच बटनावर. बोटं एकदाच शिकतात.

राहिला प्रेसचा विषय. पीडीएफ पाठवण्याआधी त्याच कंट्रोल-डीच्या टॅबमध्ये प्रत्येक फॉन्टापुढे "एम्बेडेड", म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच आहे, असं लिहिलंय का बघा. नसेल तर प्रेसचं मशीन त्याच्या जागी दुसराच फॉन्ट लावणार. कोरलची फाइल द्यायची असेल तर सगळे जण सांगतात तेच, कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि फॉन्ट लागत नाही, पण मजकूर परत टाइप करून बदलता येत नाही. फक्त कर्व्ह करण्याआधी फाइलची दुसरी प्रत ठेवा. एका वर्षी मी कर्व्ह करून त्याच फाइलवर सेव्ह केलं, आणि रात्री साडेनऊला फोन आला की मुहूर्त 12.23 चा नाही, 12.32 चा आहे. तेवढ्या दोन आकड्यांची चित्रं तोडून एकमेकांच्या जागी चिकटवली. जुळली. पण त्याच फोनवर नवऱ्यामुलाच्या आत्याचं नावही राहिलं होतं, आणि ते अख्खं नाव मला इकडचा "सु" तिकडची "मन" असं वेचून जुळवावं लागलं. तेव्हापासून फाइलच्या नावाला शेवटी "चालू" आणि "कर्व्ह" असं लिहितो.